घरचा माणूस म्हणता, मग पगाराची तारीख सांगा

जळगावच्या एमआयडीसीत, धुळ्याजवळ अवधानला किंवा रावेर-यावलकडच्या केळीच्या पॅकहाउसवर मालकाला विचारा, कामगारांशी संबंध कसे आहेत? उत्तर ठरलेलं असतं. "आपल्याकडं कामगार नाहीत भो, सगळी घरचीच माणसं." यात खोटं काही नसतं. शेठ माणसांच्या घरच्या लग्नाला जातात, कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतात. पण त्याच माणसाला मागच्या महिन्यात आपला ओव्हरटाइम किती तास धरला, हे सांगता येत नाही. विचारायची सोयही नसते, कारण घरच्यांकडे हिशेब मागायचा कसा?

आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम उद्योगांत आपुलकीची कमी नाही. कमी आहे ती उघड हिशेबाची आणि न घाबरता बोलता येण्याची. म्हणून हा लेख वाढदिवसाचा केक, दिवाळीचा मिठाईचा बॉक्स किंवा शिर्डीची सहल इथून सुरू होत नाही. आधी पैसा, मग ऊन-पाणी-संडास, मग बोलणं, आणि शेवटी सणवार-कौतुक. क्रम उलटा केला की माणसं मिठाई खातात आणि बाहेर जाऊन हसतात.

साधारण पंधरा ते शंभर माणसांची जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय: डाळमिल, प्लास्टिक चटईचा कारखाना, जिनिंग (कापसातून सरकी काढायची मिल), पॅकहाउस, मिरचीची पथारी (मिरची वाळवायची मोकळी जागा). सराफाची पेढी किंवा सीएचं ऑफिस असेल तरी पैशाचा आणि बोलण्याचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

काही जाहीर करू नका. "आता आपण नवीन सिस्टीम आणतोय" असं म्हटलं की माणसं सावध होतात. त्यापेक्षा तीन रजिस्टरं समोर घ्या: हजेरी, उचल आणि सोडून गेलेल्यांची नावं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हजेरी किती घसरते? सोडून गेलेले कुणाच्या शिफ्टमधले होते? उचल सगळ्यात जास्त कोण घेतं, आणि का?

मग एक दिवस डबा घेऊन शेडमध्ये जेवायला बसा. पहिल्या दिवशी सगळे गप्प राहतील. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी पंख्याबद्दल बोलेल. तो पंखा त्याच दिवशी दुरुस्त करा. पगाराबद्दल लोक पहिल्यांदा कधीच बोलत नाहीत. आधी पंख्याबद्दल बोलून बघतात.

पैसा: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

पगाराची तारीख ठरवा आणि ती भिंतीवर लिहा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, हे कायद्यातच आहे. पण "७ च्या आत" आणि "५ तारखेला संध्याकाळी पाचला" यांत फरक असतो. माणसानं किराणावाल्याला, बचत गटाला, मोबाइलच्या हप्त्याला तारीख दिलेली असते. तुमची तारीख हलली की त्याचा शब्द खाली पडतो, तोही गावात.

व्यापाऱ्याकडून पेमेंट अडकतं, सीझनमध्ये भांडवल मालात गुंततं, हे मान्य. तेव्हा उशीर होणार हे चार दिवस आधी सांगा, आणि नवी तारीख देताना ती नक्की पाळता येईल अशीच द्या. "बघू, दोन दिवसांत करतो" हे वाक्य मालक सहज बोलून जातो. समोरचा ते घरी जाऊन बायकोला जसंच्या तसं सांगतो. उशीर झालाच तर सगळ्यांचा व्हावा. मुकादमाचा आणि ऑफिसातल्या भाच्याचा पगार वेळेवर आणि हमालांचा उशिरा, ही बातमी अर्ध्या तासात शेडभर होते.

आता पगाराची चिठ्ठी. कंप्युटरवरची इंग्रजी स्लिप कुणी वाचत नाही. मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाच-सहा ओळी पुरतात. समजा, महिन्याचा पगार १३,००० आहे आणि दिवस २६ धरले, तर रोज ५०० पडतो, तासाला साडेबासष्ट. जादा कामाला दर दुप्पट, म्हणजे तासाला १२५. चौदा तास ओव्हरटाइम झाला असेल तर १,७५०. चिठ्ठीवर हे असंच लिहा: "ओव्हरटाइम १४ तास × १२५ = १,७५०". नुसतं "इतर १,७५०" लिहिलं की रक्कम बरोबर असली तरी शंका राहते. माणूस गुणाकार स्वतः करून बघतो, आणि तो जुळला की पुढच्या महिन्यापासून बघायचं सोडून देतो.

ओव्हरटाइमचे तास महिनाअखेर आठवून लिहायचे नाहीत. रोज शिफ्ट सुटताना लिहा, ज्याचे त्याला दाखवा, त्याची सही किंवा अंगठा घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. महिनाअखेरची निम्मी भांडणं इथंच मिटतात.

उचलीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. खान्देशात उचल बंद करायला जाऊ नका, चालणार नाही. पेरणी, शाळेचं ॲडमिशन, दवाखाना, लग्न यांसाठी दुसरीकडे हात पसरायचा तर व्याज भरावं लागतं. उचल द्या, पण तिला नियम लावा. त्या दिवसापर्यंत कमावलेल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत उचल विचारल्याबरोबर मिळेल, कारण सांगावं लागणार नाही. त्याहून मोठी रक्कम हवी असेल तर फेड किती महिन्यांत आणि दरमहा किती, हे देतानाच लिहायचं. व्याज नाही. एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या वर जायला नको, आणि कायदाही तेवढीच मर्यादा घालतो.

उचलीची वही दोन प्रतींची ठेवा: एक तुमच्याकडे, एक छोटी वही त्या माणसाकडे. एका डाळमिलवरचं हे बोलणं कानावर पडलेलं आहे. पगार घेऊन वळलेला हमाल परत खिडकीशी आला आणि म्हणाला, "शेठ, या टाइमले कितला कापात?" म्हणजे या वेळी किती कापले? शेठ फोनवर होते, हातानंच खूण केली: जा, बरोबर आहे. हिशेब खरंच बरोबर असेलही. पण त्या माणसानं बाहेर उभ्या असलेल्या दोघांना सांगितलं, "सांगत नाहीत." पुढचं महिनाभर त्या मिलमध्ये "कापतात" हीच चर्चा होती. छोटी वही त्याच्या खिशात असती तर त्याला खिडकीवर यावंच लागलं नसतं.

पीएफचंही तसंच. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो. दहा किंवा जास्त असली आणि पगार २१,००० पर्यंत असला तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. कपात दिसते, जमा झालेलं दिसत नाही, म्हणून "शेठ खातो" असा समज पक्का होतो. उपाय सोपा आहे. तीन महिन्यांतून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातल्या पोराला बसवा आणि ज्याला हवं त्याच्या मोबाइलवर सरकारच्या उमंग ॲपमधलं पीएफचं पासबुक उघडून दाखवा. आपल्या खात्यावर मालकाचा हिस्सा पडलेला पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. हप्ते खरंच थकले असतील तर मात्र आधी ते भरा, मग ॲप उघडा.

बोनसबाबत एकच सांगतो. कायद्यानं किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. यांच्या मध्ये कुठं बसायचं हे प्रत्यक्षात मालक ठरवतो, आणि ते कसं ठरलं हे कुणालाच कळत नाही. पूर्ण ताळेबंद दाखवा असं म्हणत नाही. पण यंदा माल किती निघाला, भाव काय मिळाला, म्हणून इतके टक्के, एवढं दिवाळीआधी उभं राहून सांगता येतं. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली, आणि जुन्या काळी शेअर घेऊन ठेवलेल्या अमळनेरकरांच्या घरात पुढं किती पैसा आला ते तालुक्याला ठाऊक आहे. तुम्ही शेअर वाटावेत असं नाही. पण धंदा वाढला तर आपलंही काही वाढेल, हे माणसाला आकड्यात दिसलं की तो मशीन वेगळ्या नजरेनं बघतो.

नेमणूकपत्र सगळ्यांना द्या, रोजंदारीवाल्यांनाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते बंधनकारकच केलंय. सोडून जाणाऱ्याचा हिशेबही दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. हा दुसरा नियम आवर्जून पाळा. जाणाऱ्याचे पैसे तुम्ही कसे देता, हे राहणारे सगळे बघत असतात.

ऊन, पाणी, संडास

भुसावळ-जळगावचा मे महिना पुण्याच्या एचआर पुस्तकांत नसतो. बाहेर ४५ अंश असतं तेव्हा पत्र्याच्या शेडखाली, चटईसाठी प्लास्टिक वितळवणाऱ्या एक्सट्रूडरजवळ किती असेल, ते दुपारी दोनला तिथं वीस मिनिटं उभं राहून बघा. एसी केबिनमधून "सगळ्यांनी आनंदानं काम करा" म्हणण्याला काही अर्थ नाही.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत शिफ्टची वेळ बदला: सकाळी सहा ते दोन. अंगमेहनतीचं काम, म्हणजे पोती चढवणं-उतरवणं, अकराच्या आत उरका. पत्र्यावर मार्चअखेर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारा. खर्च फार नाही आणि फरक अंगाला कळतो. उन्हात काम करणाऱ्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, तहान लागायची वाट बघू नये. म्हणून माठ किंवा कूलर कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर हवा. ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवलेला कूलर हमालासाठी नसतो, तिथं जायला तो कचरतो. ओआरएसची पाकिटं मुकादमाच्या कपाटात कुलूपबंद नकोत, माठाशेजारी उघडी ठेवा.

नव्या माणसाची जास्त काळजी घ्या. उन्हातल्या कामावर पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या कामाच्या पाचवा हिस्साच द्यायचा आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं, हा उष्णतेच्या कामासाठी जगभर मानला जाणारा नियम आहे. आपल्याकडे उलटं होतं: नवा आलाय, बघू किती दम आहे, म्हणून त्यालाच ट्रक रिकामा करायला लावतात.

संडासाबद्दल थोडक्यात: बायांचा वेगळा, आतून कडी लागणारा, पाणी आणि दिवा असलेला. नंदुरबारच्या पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचे हात जळत असतात. त्यांना हात धुवायला पुरेसं पाणी आणि साबण नसेल तर समाधानाच्या गप्पा बंदच ठेवा. संडास लांब असला की बाया पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात त्याचा परिणाम सरळ दवाखान्यात दिसतो.

पहिला प्रश्न बदला

पैसा आणि ऊन-पाणी यांची घडी बसली की मगच या पायरीवर या. दीड-दोन महिने गेले तरी हरकत नाही.

चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला हीटरचं तापमान वर जातं, पट्टी जळते, अर्धा रोल वाया जातो. ऑपरेटर तो रोल शेडच्या मागं भंगारात दाबून ठेवतो. तीन रात्री असंच होतं. चौथ्या दिवशी माल परत येतो आणि शेठ शेडमध्ये येऊन विचारतात, "कोणी केलं?" पाच माणसं जमिनीकडे बघतात. ज्याला माहीत आहे की थर्मोस्टॅट (हीटरचं तापमान आवरणारा भाग) चार दिवसांपासून बिघडलाय, तोही गप्प बसतो, कारण विचारलंय "कोणी", "काय झालं" असं नाही.

तुमचा पहिला प्रश्न बदला. "हे कधीपासून होतंय?" मग, "पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" आणि ज्यानं सांगितलं त्याला चारचौघांत, तिथल्या तिथं म्हणा, "बरं झालं सांगितलंस." एवढंच. त्याला त्या दिवशी बोल लावला तर पुढची दोन वर्षं तुम्हाला कुणी काही सांगणार नाही.

अमेरिकेत १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात तिथं नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्या टीममध्ये माणसं चुका लपवत नव्हती, म्हणून आकडा मोठा दिसत होता. तुमच्याकडे महिनाभर एकही तक्रार, एकही बिघाड नोंदला गेला नसेल तर खूश होऊ नका. जिनिंगमध्ये तर हा जीवन-मरणाचा भाग आहे: कापसात आलेला लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला, ठिणगी पडली की रुईचा ढीग पेटायला वेळ लागत नाही. तुकडा दिसल्यावर मशीन थांबवणाऱ्या पोराला "अर्ध्या तासाचं प्रॉडक्शन घालवलंस" म्हणणारा मुकादम तुम्हाला परवडणारा नाही.

रोज शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं उभ्या-उभ्या बोला. काल काय अडलं, आज काय आहे, कुणाला काय हवंय. भाषण नको. मुकादमानं बोलायचं ते दोन मिनिटं, उरलेली आठ बाकीच्यांची. पहिला आठवडा शांततेत जाईल, तेवढा जाऊ द्या. जे मागितलं जाईल ते वहीत लिहा आणि समोर तारीख टाका. जमणार नसेल तर "जमणार नाही, कारण अमुक" असं स्वच्छ सांगा. नकार माणसं पचवतात. विसरलेलं आश्वासन पचवत नाहीत.

खबऱ्या बंद करा

हे सांगितलं की मालक नाराज होतात. बऱ्याच ठिकाणी शेठचा एक खास माणूस असतो, कोण काय बोललं ते संध्याकाळी कानावर घालणारा. तुम्हाला वाटतं, त्याच्यामुळे सगळं कळतं. प्रत्यक्षात तो जे सांगतो तेवढंच तुम्हाला कळतं, आणि तो कोण हे सगळ्या शेडला माहीत असतं. त्याच्यासमोर माणसं मुद्दाम काय बोलायचं ते ठरवून बोलतात. पुढच्या वेळी तो आला की एकच म्हणा: "त्यालाच घेऊन ये, तिघं बसून बोलू." दोन-तीनदा असं झालं की सवय सुटते.

सीसीटीव्ही लावा हवं तर, पण कुठं लावलेत आणि कोण बघतं ते सांगून. जेवायच्या जागेवर आणि कपडे बदलायच्या खोलीजवळ नको.

आणि भाचा. शेठचा भाचा साडेदहाला येतो आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी आलेल्याची अर्धी हजेरी कापतो, हे दृश्य खान्देशात दुर्मीळ नाही. भाच्याची हजेरी त्याच मशीनवर, कपात त्याच नियमानं. हा एक बदल बाकी दहा बदलांना भारी पडतो, आणि घरात तो अंमलात आणणं बाकी दहांपेक्षा अवघड आहे, याची कल्पना आहे.

बाया आणि बाहेरगावची माणसं

दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते: अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. दहापेक्षा कमी असाल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. नावं कागदावर ठेवून उपयोग नाही. समितीतल्या बाईचा फोन नंबर बायांच्या संडासाच्या दाराआतल्या बाजूला लावा. ऑफिसच्या फलकावरून तो कुणी चारचौघांत उतरवून घेणार नाही.

उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून आलेले, सातपुड्यातले भिल्ल, पावरा आणि गावचे अहिराणी बोलणारे, असे तीन-चार गट एका शेडमध्ये असतात. जेवण वेगळं होतं, ते होऊ द्या. पण कामाची जोडी गटाबाहेरची लावा. धोक्याच्या सूचना हिंदी आणि मराठी दोन्हींत लिहा. वाचता न येणाऱ्यांना प्रत्यक्ष मशीनशी नेऊन दाखवा. जातीवरून मारलेली हाक "मस्करी" म्हणून सोडू नका. पहिल्याच वेळी थांबवा, तेही सगळ्यांसमोर.

सुट्ट्यांचं वर्षाचं गणित

जानेवारीत कॅलेंडर घेऊन बसा, मुकादम आणि प्रत्येक गटातला एकेक माणूस घेऊन. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत आपले सण नसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, त्यामुळे बायांची हजेरी घसरणार म्हणजे घसरणार. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशची देवी घरोघर बसते आणि सगळी भाऊबंदकी तिच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला, गावी जमते. सोमवारी विसर्जनाला कुणी कामावर येत नाही. पोळा आहे. सातपुड्यातल्या माणसांना होळीआधीचा भोंगऱ्या बाजार चुकवायचा नसतो. ऑक्टोबरपासून कापूस वेचणीला घरचं शेत ओढतं.

हे सगळं दरवर्षी ठरल्या वेळी येतं आणि दरवर्षी मालकाला धक्का बसतो. आधीच लिहून ठेवा: आखाजीला बायांना दोन दिवस, त्याबदली आधीच्या दोन रविवारी काम, भोंगऱ्याला पावरा गट सुट्टीवर, तेव्हा गावची माणसं जास्त पाळ्या करतील, कानबाईला उलट. ही अदलाबदल त्यांची त्यांनाच ठरवू द्या. सुट्टी मागायला खोटा आजार किंवा "आजी वारली" सांगावं लागत नाही, यानं जेवढं समाधान मिळतं तेवढं कोणत्याही सहलीनं मिळत नाही.

कौतुक

कमी आणि नेमकं. "छान काम करतोस" यात काही नाही. "काल ट्रक आला तेव्हा ओली पोती तू वेगळी काढलीस, नाहीतर सगळी डाळ गेली असती" यात सगळं आलं. महिन्याचा उत्तम कामगार वगैरे फोटो लावू नका. एकाचा फोटो लागतो आणि बाकीचे तोंड फिरवतात. त्यापेक्षा ज्याला शिकायची हौस आहे त्याला पुढचं मशीन शिकवा आणि शिकल्यावर दर वाढवा. वरण-बट्टीचं किंवा भरीत-कळण्याच्या भाकरीचं जेवण जरूर घाला, पण त्या दिवशी कामाची सूचना, भाषण, फोटोसेशन काही नको. शेठनं वाढायला उभं राहावं.

फरक पडतोय का, ते कसं बघायचं

फॉर्म भरून घेऊ नका. "तुम्ही आनंदी आहात का?" याला सगळे "हो शेठ" म्हणतात. तेच तीन रजिस्टर तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात पुन्हा उघडा. पगाराच्या दुसऱ्या दिवशीची हजेरी सुधारली का? सोडून गेलेल्यांपैकी कुणी परत आलं का? शिफ्टच्या वहीत बिघाडाच्या नोंदी वाढल्या का? पहिल्या सहा महिन्यांत त्या वाढल्याच पाहिजेत. आणि नवी भरती करायची असेल तेव्हा तुमच्या माणसांनी स्वतःच्या भावाला, शेजाऱ्याला आणलं का? स्वतः राबतो तिथं सख्ख्या भावाला आणणं ही मोठी जोखीम आहे. ती घ्यायला माणसं तयार आहेत की नाहीत, यावरून बरंच कळतं.

पैसे मात्र या सगळ्याला लागतील. चुना, माठ, चिठ्ठ्यांची छपाई, नवा थर्मोस्टॅट हे किरकोळ. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायला लागलात की पहिल्या महिन्याचं बिल डोळ्यांत भरेल. तेव्हा मालाच्या भावात बसतं का ते बघा, आणि बसत नसेल तर ओव्हरटाइमच कमी करा, दर नाही.